खात्यामागची माणसं कितीला दिलीस?

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला देतोय. टाळ्या गाळल्यात, शिव्या दोनच गाळल्यात.)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिला होता 'समाजमाध्यमे आणि परिवर्तन'. असल्या विषयावर प्राध्यापकानं बोलावं. मी दहावी पास, गोदीत लोखंड उतरवतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. परिवर्तनावर मला तासभर बोलता यायचं नाही. बाजारावर येईल, कारण मी रोज सकाळी स्वतःला बाजारात उभा करतो. तेव्हा आज एकाच बाजारावर बोलणार आहे. फेसबुकचं पेज, इन्स्टाचं खातं, ट्विटरचं खातं (आता त्याला एक्स म्हणायचं), टेलिग्रामचं चॅनेल. हे सगळं विकलं जातं, विकत घेतलं जातं, भाड्यानं दिलं जातं. त्याला भाव आहे, दलाल आहेत, सीझन आहे. निवडणूक हा त्याचा मोठा सीझन. हे चांगलं का वाईट, आणि वाईट असेल तर नेमकं कुणाचं वाईट, एवढंच बोलतो.

बोलायला कारण घडलंय. आपल्यातला एक पोरगा, नाव सांगत नाही, सहा वर्षं एक पेज चालवतो. आधी त्यावर नुसती भीमगीतं टाकायचा. मग जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो. मग शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, जातपडताळणीला कुठले कागद लागतात, कुठल्या हॉस्टेलात जागा निघाल्या, कुणाला कुठल्या गटाचं रक्त पाहिजे. करता करता त्यामागं लाखभर माणूस जमला. नांदेडची एक बाई विचारते, भाऊ, माझ्या पोरीचा फॉर्म परत आला, काय करू? आणि हा रात्री दीड वाजता तिला उत्तर देतो.

आता त्याच्याकडं एक माणूस आलाय. गुळगुळीत बोलणारा. म्हणतो, पेज दे. नाव तेच ठेवू, बाबासाहेबांचा फोटो तोच ठेवू, गीतंसुद्धा चालू ठेवू. फक्त पासवर्ड आमच्याकडं. पैसे रोख. पोराचा बाप कंत्राटी सफाईत, तीन महिने पगार नाही. बहिणीची नर्सिंगची फी थकलेली. पोरगा मला म्हणाला, दादा, मेहनत माझी आहे. मी विकली तर कुणाच्या बापाचं काय जातं?

हा प्रश्न हलका समजू नका. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटते ते दुसऱ्याच्या उपाशीपणाला नीतिमत्ता शिकवतात, ती जात मला चांगली ठाऊक आहे. मी त्यांच्यातला नाही. मेहनतीचं मोल मागणं चूक आहे असं मीच म्हणालो, तर मी कामगार कसला? ह्या पोरानं रात्री जागवल्या, त्याच्या खिशातनं रिचार्जचे पैसे गेले. ते त्याला मिळायलाच पाहिजेत. पण दलाल त्या रात्रींचे पैसे देत नाहीये. त्याला मेहनत पाहिजे असती तर त्यानं पोराला कामावर ठेवलं असतं. त्याला पोरगा नकोच आहे. त्याला ती नांदेडची बाई पाहिजे.

जुन्या गोदीत टोळीवाला असायचा. म्हाताऱ्यांना विचारा, सांगतील. जहाज लागलं की माल उतरवून घेणारा टोळीवाल्याशी बोलायचा, माणसांशी नाही. 'इतकी माणसं दे.' टोळीवाला द्यायचा. भाव तो ठरवायचा, पैसे तो घ्यायचा, आपला हिस्सा कापून उरलेले माणसाच्या हातावर टेकवायचा. टोळी त्यानंच जमवलेली, गावाकडनं आणलेली, अडीनडीला उसने दिलेले. मेहनत त्याचीही होती की! म्हणून माणसं त्याची झाली का? ह्याच प्रश्नावर कामगार भांडला. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला, पुढं मुंबईत मंडळ झालं आणि कामगाराची नोंद त्याच्या स्वतःच्या नावावर झाली. (आता कंत्राटानं ते सगळं मागच्या दारानं परत आणलंय. त्याच्यावर पुढच्या शिबिरात बोलवा, दोन तास घेतो.)

पेज विकायला निघालेला आपला पोरगा आज त्या टोळीवाल्याच्या जागेवर उभा आहे. त्याला हे कळलेलं नाही, कारण त्याच्या अंगावर टोळीवाल्याचा कोट नाही, फाटका टी-शर्ट आहे. आणि फरक आहे तो आणखी वाईट दिशेनं आहे. टोळीतल्या माणसाला निदान कळायचं की आज आपण दुसऱ्याच्या जहाजावर चाललोय. ह्या लाख माणसांना ते कळणारसुद्धा नाही. त्या बाईच्या फोनवर तेच नाव दिसणार, तोच निळा झेंडा दिसणार. ती विश्वासानं विचारत राहणार, आणि पलीकडनं उत्तर कुणी द्यायचं हे पैसे मोजलेला माणूस ठरवणार.

आपल्या माणसांनी १९७२ साली 'पँथर' हे नाव ज्यांच्याकडनं घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांवर हे घडून गेलंय. २०१६ साली तिकडं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. फेसबुकवर 'ब्लॅकटिव्हिस्ट' नावाचं पेज होतं. पोलिसांनी मारलेल्या काळ्या माणसांचे व्हिडिओ, काळ्यांचा इतिहास, काळ्यांचा अभिमान, मोर्चाची हाक. सगळं खणखणीत. ३ लाख ६० हजार लाइक. खुद्द 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या अधिकृत पेजलाही तेव्हा एवढे नव्हते. २०१७ साली उघड झालं की हे पेज रशियातले पगारी लोक चालवत होते. सेंट पीटर्सबर्ग शहरात सावुश्किना रस्त्यावर एक इमारत, कंपनीचं नाव इंटरनेट रिसर्च एजन्सी. तिथं पाळ्या लावून काम चालायचं, आमच्या गोदीत चालतं तसं. ह्याच लोकांच्या 'वोक ब्लॅक्स' नावाच्या दुसऱ्या एका खात्यानं मतदानाच्या तोंडावर काळ्यांना सांगितलं, मतदानालाच जाऊ नका. अमेरिकी सिनेटच्या समितीनं २०१९ च्या अहवालात लिहिलंय की ह्या एजन्सीनं काळ्या लोकांना जेवढं लक्ष्य केलं तेवढं दुसऱ्या कुठल्याही गटाला केलं नाही.

का केलं? कारण जखम खरी होती. ज्याला जखमच नाही त्याच्याजवळ जाऊन काय पुटपुटणार? त्या पेजवरचं बरंचसं खरंच होतं, मित्रांनो! व्हिडिओ खरे, मेलेली माणसं खरी, वाचणाऱ्याचा राग खरा. रागाच्या दोरीचं टोक कुणाच्या मुठीत आहे, तेवढंच खोटं. आपल्याकडचा दलाल हेच सांगतोय की, 'गीतं चालू ठेवू.' ठेवणारच! गीतं बंद केली तर बाई उठून जाईल. तेव्हा गीतं चालू, जयंतीचे फोटो चालू, आणि मतदानाच्या आठ दिवस आधी एक पोस्ट. एकच. सगळे पैसे त्या एका पोस्टचे आहेत.

आणि पुढचं ऐका. २०२० च्या मार्चमध्ये असंच दुसरं दुकान सापडलं, ते थेट आफ्रिकेत, घानामध्ये. अमेरिकेतल्या काळ्यांना भडकवायची खाती, आणि ती चालवायला ठेवलेली पोरंपोरी घानाची. बाहेरून पाटी समाजकार्याची. धागा परत त्याच रशियनांकडं जात होता. तिथं काम केलेल्या एकीनं नंतर सांगितलं की आपण कुणासाठी राबतोय ह्याची तिला कल्पनाच नव्हती. म्हणजे काळ्याच्या नावानं, काळ्याच्या हातानं, काळ्यालाच! नोकरी पाहिजे असलेली पोरं होती ती. आपल्यासारखीच.

रशियाच कशाला? १ एप्रिल २०१९ ला, लोकसभेच्या मतदानाला दहा दिवस असताना, फेसबुकनं भारतातली ६८७ पेजं आणि खाती काढून टाकली. ती चालवणाऱ्यांचा संबंध काँग्रेसच्या आयटी सेलच्या माणसांशी होता आणि त्यांनी आपली ओळख लपवली होती, असं फेसबुकनं सांगितलं. त्याच दिवशी सिल्व्हर टच नावाच्या आयटी कंपनीशी संबंधित १५ पेजं-खाती काढली, ती भाजपच्या बाजूचा प्रचार करत होती. संख्या लहान, पण त्यांच्यामागं सव्वीस लाखांच्या आसपास खाती होती. हा पक्ष तो पक्ष, दोघांच्या घरची भांडी वेगळी, चूल एकच. कांशीरामांनी १९८२ साली चमचायुगावर पुस्तक लिहिलं. तेव्हाचा चमचा निदान माणूस होता. त्याला रस्त्यात अडवून विचारता यायचं, लाज वाटते का रे? आता चमच्याचा खर्चही वाचला. नुसतं तोंड विकत मिळतं.

आता विकणारा म्हणतो, घेणारा त्याचं काय करील मला काय माहीत? मी तर फक्त विकलं.

हे 'मला काय माहीत' कुठवर चालतं ते सांगतो. त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियातला एक तरुण बँकखात्यांचे नंबर ऑनलाइन विकायचा. ज्यांना स्वतःच्या नावानं पैशाचे व्यवहार करायचे नाहीत, त्यांना. घेणारे कोण, त्यानं कधी विचारलं नाही. घेणाऱ्यांत ह्याच सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्याची माणसं निघाली. पोरानं गुन्हा कबूल केला, २०१८ च्या ऑक्टोबरात त्याला सहा महिने तुरुंग आणि वर सहा महिने घरकैद झाली. घेणारे रशियात. त्यांना कोण धरणार?

आता मोठा व्यापारी बघा. देवूमी नावाची अमेरिकन कंपनी. ट्विटरचे फॉलोअर घाऊक विकायची. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ च्या जानेवारीत तिचं पितळ उघडं पाडलं : निदान ३५ लाख यंत्रानं चालणारी खाती, तीच परत परत विकून ग्राहकांना २० कोटींवर फॉलोअर दिलेले. त्यातल्या ५५ हजार खात्यांवर खऱ्या माणसांची नावं, खरे फोटो, चोरलेले. त्यांत अल्पवयीन पोरंही. कोण घ्यायचे? नट, खेळाडू, राजकारणी, धंदेवाले. सरकारच्या व्यापार आयोगानं २०१९ साली मालकावर २५ लाख डॉलरचा बोजा ठेवला, आणि लगेच सांगितलं की अडीच लाख भर, बाकीचे स्थगित. तुरुंग नाही. लहान विक्रेत्याला सहा महिने आणि घाऊक व्यापाऱ्याला सवलत. हे बघून मला आमच्या गोदीचा दरवाजा आठवतो. पिशवीतनं मूठभर डाळ नेणाऱ्याची झडती होते, ट्रक सलाम घेत बाहेर जातो.

मुंबईतही २०२० च्या जुलैमध्ये एका गायिकेच्या तक्रारीवरनं नकली फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास निघाला. पहिली अटक कुणाची? विशीतल्या पोराची.

आपल्या वस्तीत ह्याचा सख्खा भाऊ फिरतोय, तो म्हणजे बँकेचं खातं भाड्यानं देणं. 'एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला एवढे घे.' मग त्या खात्यात कुठल्या तरी म्हातारीचे लुटलेले पैसे येऊन जातात, आणि पोलीस येतात ते कार्ड ज्याच्या नावावर त्याच्या दारात. ह्यावर जास्त बोलत नाही. इथं बसलेल्यांपैकी कुणी दिलं असेल तर उद्या बँक उघडल्या उघडल्या जा, खातं बंद करा, लेखी पोच घ्या.

नाव भाड्यानं दिलं की काय होतं ते आम्ही गोदीत बोटांवर मोजतो. खरोखर बोटांवर. आमच्यात एक पोरगा दुसऱ्याच्या पासवर आत यायचा. कंत्राटदाराला चालायचं, डोकी मोजून झाली की बस. पासवाला घरी बसून मजुरीतला हिस्सा घ्यायचा. एका रात्रपाळीला स्लिंग सरकली आणि ह्या पोराची तीन बोटं पत्र्याच्या कॉइलखाली गेली. इस्पितळात नाव लिहिलं गेलं पासावरचं. ज्याची बोटं गेली तो कागदावर त्या रात्री गोदीत नव्हताच. ज्याची दहाच्या दहा शाबूत, तो कागदावर जखमी. भरपाईचा अर्ज करायचा कुणी? कंत्राटदारानं दोघांनाही हाकललं. मी दोन्ही घरी गेलो होतो. दोन्हीकडं चहा मिळाला, दोन्हीकडं कुणी बोललं नाही.

आता कंपन्या. फेसबुकचा नियम आहे, आमच्या परवानगीशिवाय खातं दुसऱ्याला देऊ नका. एक्सचाही आहे, खाती विकू-घेऊ नका. ऐकायला किती सोज्ज्वळ! त्या नियमाचा मी आदर करीन कधी, तर कंपनी स्वतः पाळील तेव्हा. आपण कुठं थांबतो, काय बघतो, कशावर चिडतो, ते जाहिरातदाराला भाड्यानं देऊनच हे महाल उभे राहिलेत. ट्विटरनं तर २०२२ च्या नोव्हेंबरात निळी खूणच विकायला काढली, महिन्याला ८ डॉलर. आधी ती खूण म्हणजे हे खातं खरंच त्या माणसाचं आहे ह्याची साक्ष होती. लगेच कुणीतरी आठ डॉलर भरले, एलाय लिली ह्या औषध कंपनीचं नाव लावलं आणि जाहीर केलं की इन्सुलिन आता फुकट! खऱ्या कंपनीला माफी मागावी लागली. मला खूप हसू आलं. मग वाटलं, ज्याच्या घरी इन्सुलिनला पैसे नाहीत त्यानं ते वाचून क्षणभर विश्वास ठेवला असेल, तो हसला नसेल. तेव्हा नियम मोडतो म्हणून विकू नको, असं मी पोराला सांगणार नाही. सावकाराच्या वहीतला नियम मोडला तर मला काही वाटत नाही. मी त्याला त्या बाईसाठी सांगतोय.

इथं एक गोष्ट साफ करतो, नाहीतर घोटाळा होईल. मी खोट्या नावाच्या विरुद्ध नाही. आपल्या कित्येक पोरी आडनाव लपवून लिहितात. ऑफिसात कळलं तर खुर्ची जाते, हॉस्टेलात कळलं तर ताट वेगळं होतं. त्यांनी दहा नावं घ्यावीत, माझी ना नाही. अंगावर दगड येऊ नये म्हणून तोंड झाकणं वेगळं आणि दुसऱ्याचं तोंड विकत घेऊन त्याच्या माणसांत शिरणं वेगळं. आणि खातं दुसऱ्याच्या हाती कधी देऊच नये, असंही नाही. माणूस थकतो, लग्न होतं, पाळ्या बदलतात. मग पेजवर उघड लिहा की अमुक तारखेपासून हे पेज अमुक माणसं चालवतील, पटत नसेल त्यांनी खुशाल जावं. ज्याला जायचंय त्याला दार दाखवून मग चावी द्या. हे दलालाला सांगून बघा. म्हणावं, पेज देतो, पण आधी जाहीर लिहितो की ते तुम्ही विकत घेतलंय. तो त्याच पावली परत जातो की नाही बघा.

चालवणं जमतच नसेल तर बंद करा. त्यात नामुष्की नाही. 'मूकनायक' १९२० ला निघालं तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. ते १९२३ ला बंद पडलं. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघालं, १९२९ ला बंद पडलं. पैसा नव्हता. पुढं १९३० ला 'जनता' निघालं. बंद पडलेल्या पत्राचं नाव आज शंभर वर्षांनी आपण ताठ मानेनं घेतो.

पण उपदेशानं नर्सिंगची फी भरली जात नाही. म्हणून मी परवा कार्यकर्त्यांच्या बैठकीत हिशेब मांडला. ह्या वर्षी जयंतीला डीजेचं बिल किती झालं ते तुम्हाला माहीत आहे, मी आकडा बोलत नाही, पाहुणे बसलेत. त्या भिंती दोन रात्री थरथरल्या आणि संपलं. हे पेज सहा वर्षं रोज चाललं, आणि त्यासाठी आपण एकदाही वही फिरवली नाही. लाख माणसांनी त्या पोराकडनं उत्तरं घेतली, कुणी विचारलं नाही, बाबा तुझं कसं चालतं? दलालानं विचारलं. पहिला माणूस तो निघाला, ही शरम पोराची नाही, आपली आहे. म्हणून आता वही दाराशी ठेवलीय. महिन्याला वीस रुपये द्या, पन्नास द्या, आणि पेज तिघांच्या नावानं चालवा, हिशेब त्याच पेजवर टाका. पोराला मदत म्हणून नाही, मजुरी म्हणून.

शेवटी घेणाऱ्यांबद्दल, कारण ते परके नाहीत. वॉर्डातनं उभं राहायचं म्हणून आपल्याच दोघा-तिघांनी फॉलोअर विकत घेतलेत. एकाचे अर्धे फॉलोअर तुर्कस्तानचे आहेत, वॉर्ड गोवंडीचा. विचारलं तर म्हणतो, तिकीट देणारे आधी आकडा बघतात. खरंय, बघतात. पण उद्या निवडून आल्यावर गटार तुंबल्याची तक्रार घेऊन जाईन मी, तुर्कस्तान नाही येणार. आणि कवीसुद्धा सुटलेले नाहीत. परवा एका कविसंमेलनात माझ्या आधी वाचणाऱ्याची ओळख करून दिली 'पन्नास हजार फॉलोअर असलेले कवी' अशी. समोर अकरा माणसं होती, त्यांत दोन मंडपवाले. मंडपवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. मला रात्रपाळी आहे, नऊच्या गाडीनं निघायचंय.